सूत्र चालतं, पण सीआर १ ते १९ मध्येच
एकांनी डी अँड डी या रोल-प्लेइंग खेळासाठी, सीआर (चॅलेंज रेटिंग, म्हणजे राक्षस किती अवघड) टाकला की राक्षसाचा एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे तो किती मार सोसतो) काढून देणारं एका ओळीचं फंक्शन दिलंय (१५ × सीआर + ६३) आणि विचारलंय, सगळीकडे चालेल का? डी अँड डी पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डीएम गाइडमधल्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकातल्या) तक्त्याशी ताडून पाहिलं. सीआर १ ते १९ ला चपखल बसतं. ५ ला १३८ येतो, तक्त्यात १३१-१४५ आहे. फेरीचं डॅमेजही (राक्षस एका फेरीत किती इजा करतो) ६ × सीआर + ५.५ ने निघतं. २० पासून मात्र एचपीची पायरी १५ ऐवजी ४५ ची होते, तिथे फंक्शनमध्ये सरळ इफ (वेगळी अट) टाका.

खरी गंमत खालच्या टोकाला. गॉब्लिन सीआर १/४. फंक्शन त्याला ६७ एचपी देतं, बिचाऱ्याकडे असतात ७! तक्ता ३६-४९ म्हणतो, म्हणजे तोही इथे तोंडावर पडतो. १ च्या खाली सूत्राच्या नादी न लागता छोटी डिक्शनरीच (सीआर आणि त्याचा एचपी अशी थेट यादी) ठेवा.

आणि एचपीसारखाच हिट चान्सही (वार लागण्याची शक्यता) मोजा: (२१ + हल्ल्याचा बोनस − समोरच्याचा एसी, म्हणजे आर्मर क्लास, बचावाचा आकडा) / २०, तोही ०.०५ ते ०.९५ मध्येच ठेवून. गॉब्लिनचा बोनस ४, विझर्डचा एसी १२, म्हणजे ६५ टक्के. क्रिट (फाशावर २० पडला की होणारा जादा मार) धरून दर गॉब्लिनमागे फेरीला सरासरी ३.७५ डॅमेज. चौघे एकावरच तुटून पडले की फेरीला १५, आणि पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे एचपी जेमतेम ८. आमच्या टेबलावर असाच एक पंधरा मिनिटांत आडवा झाला. त्याची कॅरेक्टर शीट भरायला दीड तास गेला होता.