प्राधिकरण स्वतंत्र, मग जायकवाडीचं पाणी अडतं कुठं?

गोदाकाठ:
जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने आलं, समन्यायी वाटपाचं (खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्यायानं वाटण्याचं) कलम १२(६)(ग) त्यातच आहे. तरी तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडीला पाणी सुटायला नोव्हेंबर का उजाडतो? दाद कुणाकडं मागायची?

चारी नंबर ९:
प्राधिकरण दारं उघडत नाही हो. त्यानं १९ सप्टेंबर २०१४ ला नियम घालून दिला: जायकवाडी ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा हिशोब मांडून आदेश काढतं ते गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ, आणि त्याचा कार्यकारी संचालक जलसंपदा खात्यातलाच. २०२३ ला ८.६ टीएमसीचा (अब्ज घनफूट) आदेश ३० ऑक्टोबरला निघाला, पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर पात्र वाळतं, वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या निघाल्या नसल्या तर पाणी तिथंच तुंबतं.

स्वायत्ततेचं म्हणाल तर पिण्याला किती, शेतीला किती, उद्योगाला किती हे ठरवायचा अधिकारच २०११ च्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळाकडं गेला. माझ्या मते खरी खोट तिथंच आहे.

दलघमी:
एक चूक सगळे करतात. ६५ टक्के म्हणजे १५ ऑक्टोबरचा नुसता साठा नव्हे, उपयुक्त साठा अधिक खरिपात वापरलेलं पाणी. जायकवाडीची उपयुक्त क्षमता २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे रेषा साधारण १४११ वर. नुसता साठा धरून तक्रार केली की पहिल्याच उत्तरात ती गार होते.

हा नियम पुन्हा तपासायला नेमलेल्या मांदाडे अभ्यासगटानं ६५ चे ५८ करा म्हटलंय. सात टक्के म्हणजे १५२ दलघमी, सुमारे ५.४ टीएमसी. हरकत लिहाल तर हा आकडा आधी लिहा, भावना नंतर.

गोदाकाठ:
मग माहिती अधिकारात काय मागू?

चारी नंबर ९:
"उशीर का केला" असं विचारू नका, का-कशासाठीची उत्तरं देणं बंधनकारक नाही म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा: १५ ऑक्टोबरचा हिशोबतक्ता, आदेशाची प्रत, धरणनिहाय रोजच्या विसर्गाची नोंद, बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्याचा अहवाल, जायकवाडीत प्रत्यक्ष पोहोचलेलं पाणी. अर्ज महामंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. सुटलेलं आणि पोहोचलेलं हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्राधिकरणापुढं काय मांडायचं ते आपोआप दिसतं.