टेक्नो ट्रॅक किती मिनिटांचा ठेवावा? सल्ला हवा

खर्जवाला:
मंडळी, एक टेक्नो ट्रॅक पूर्ण होत आलाय. १२८ बीपीएम (मिनिटाला १२८ ठोके), एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय, लांबी साडेआठ मिनिटं. पहिलं मिनिटभर फक्त किक (ड्रमचा जड ठोका) आणि हाय-हॅट (झांज), बेसलाइन म्हणजे खर्जातली धून त्यानंतर येते. एक मित्र म्हणतो, स्पॉटिफायवर टाकणार असशील तर साडेतीन मिनिटांत आटप, नाहीतर कुणी थांबत नाही. दुसरा क्लबमध्ये डीजे आहे, तो म्हणतो एक सेकंदही काढू नकोस. मला ट्रॅक दोन्हीकडे चालायला हवाय. काय करू?

रात्रपाळी:
डीजे मित्राचं सुरुवातीबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लांबी मिनिटांत न मोजता बारमध्ये (चार ठोक्यांचा एक बार) मोजा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. १२८ बीपीएमला एक बार १.८७५ सेकंदांचा, म्हणजे १६ बार बरोबर ३० सेकंद आणि ३२ बार एक मिनिट. आधीचा ट्रॅक वाजत असतानाच डीजे तुमचा आत घेतो. त्या ३२ बारमध्ये त्याला दोन्ही किक एकावर एक बसवायच्या असतात, मग आधीच्याचा बेस इक्यूवर (खर्ज-तीव्र कमीजास्त करायच्या बटणांवर) उतरवून तुमचा उघडायचा असतो. तिथेच तुम्ही सुरावट सुरू केलीत तर दोन ट्रॅकचे सूर एकमेकांवर आपटतात. त्यामुळे तो इंट्रो पाल्हाळ नाही, शेवटीही तेवढीच मोकळी जागा ठेवा.

ही लांबी क्लबमधूनच आली आहे. ७ इंची तबकडीवर जास्त वेळ कोंबला की खाचा अरुंद होतात, आवाज आणि बेस दोन्ही मार खातात. सत्तरच्या दशकात डिस्कोवाले एकेक गाणं १२ इंचीवर ऐसपैस कोरू लागले आणि नाचायला वेळ मिळाला. न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचं 'ब्लू मंडे' (१९८३) १२ इंचीवर साडेसात मिनिटांचं आहे.

वागातोर:
आमच्या गोव्यात नव्वदच्या दशकात डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेट वाजवायचे, कारण समुद्रकाठच्या उन्हात विनाइलच्या तबकड्या टिकत नसत. डॅटवर वेग जुळवायची सोय नव्हती. म्हणून ट्रान्स या नाचायच्या संगीताच्या ट्रॅकना सुरुवातीला आणि शेवटी बिनठेक्याचा, तरंगता भाग असायचा, आणि सात-आठ मिनिटं सहज व्हायची. ट्रॅक कशावर वाजणार ते आधी ठरवा, लांबी त्यावरून ठरेल.

तबकडी:
पण तीन मिनिटांना कमी लेखू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारी बालगंधर्वांची पदं तेवढ्यात बसली आणि घराघरांत पोचली. आपल्या मुंबईतलेच चरणजित सिंग घ्या. १९८२ मध्ये त्यांनी टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस सिंथेसायझरवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. एकाच एलपीत दहा, म्हणजे प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं, आणि एकही अपुरा वाटत नाही.

रात्रपाळी:
अनुमोदन. खर्जवाला, पाचव्या मिनिटानंतर तुमच्या ट्रॅकमध्ये नेमकं काय होतं?

खर्जवाला:
दुसरा ब्रेकडाउन (ठेका थांबतो तो भाग), ४८ बारचा. खरं सांगायचं तर पहिल्याचाच आराखडा, फक्त पॅड (मागे लांबत राहणारा सूर) बदललाय.

रात्रपाळी:
मग तो अख्खा काढा. ४८ बार म्हणजे दीड मिनिट, ट्रॅक बरोबर सात मिनिटांचा होईल. क्लबसाठी उत्तम. इंट्रोला हात लावू नका, कापायचं ते जिथे नवीन काही घडत नाही तिथे. त्या नव्या पॅडचा जीव असेल तर तो पहिल्याच ब्रेकडाउनच्या उत्तरार्धात आणा.

हेडफोन_लोकल:
स्पॉटिफायसाठी वेगळा एडिट (छोटी आवृत्ती) कराच. तिथे ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, पुढे कितीही ऐका. तुमचे पहिले ३० सेकंद म्हणजे १६ बार निव्वळ किक आणि हॅट! मी लोकलमध्ये उभ्याने ऐकतो, तेवढ्यात पुढचा ट्रॅक लावलेला असतो. एडिटमध्ये इंट्रो ८ बारवर आणा आणि बेसलाइन फिल्टरमधून त्याच ८ बारमध्ये डोकावू द्या. शेवटी फेड-आउट करू नका, शेवटच्या बारच्या पहिल्या मात्रेवर थांबा आणि डिले (प्रतिध्वनी) विरू द्या.

आणि हे एक्सपोर्ट केलेल्या वेव्ह फाइलवर कापू नका. तिथे रिव्हर्बची (आवाज घुमण्याची) शेपटी तुटते आणि जोड कानाला लगेच कळतो. प्रोजेक्टची प्रत काढून अरेंजमेंटमध्येच ८ किंवा १६ बारच्या जोडावर कापा.

खर्जवाला:
आज दुसरा ब्रेकडाउन काढून ऐकला. सहाव्या मिनिटाला पूर्वी लक्ष भरकटायचं, आता नाही. सात मिनिटांचा एक आणि साडेतीनचा एक, असे दोन करतोय. सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही एकाच नावाने टाकू का?

रात्रपाळी:
नाही. मोठ्यापुढे 'एक्स्टेंडेड मिक्स' असं स्पष्ट लिहा. बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन संगीत-दुकानात डीजे तेच शोधतात, चुकून एडिट विकत घेतला तर त्यांना मिक्स करायला जागाच उरत नाही.