गल्ला म्हणजे नफा नव्हे

कुणीतरी लिहिलंय की 'गेट आउट' (2017) हा भयपट 45 लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याचा गल्ला जगभरात 25 कोटींवर गेला, म्हणजे निर्मात्याच्या खिशात 25 कोटी. तसं नसतं हो. तिकीटबारीवरच्या रकमेतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे जातो. शिवाय 45 लाख हा फक्त चित्रपट तयार करण्याचा खर्च. चित्रपट सगळीकडे लावायचा तर जाहिरातीवर या खर्चाच्या कितीतरी पट पैसा ओतावा लागतो. एवढं वजा करूनही तो घसघशीत फायद्यात राहिला, हे मात्र खरं.

मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की भीती कमी पैशांत उभी करता येते. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' दिग्दर्शकाच्या स्वतःच्याच घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये चित्रित झाला. एका जागी रोवलेला कॅमेरा, पलंगावर झोपलेलं जोडपं, बाजूला उघडं दार. ते दार जरासं हललं की आपला श्वास अडकतो. त्या हलण्याला खर्च तो किती? काटकसर सेटवर करा, कपड्यांवर करा, पण ध्वनीवर अजिबात नको. आवाज कच्चा राहिला की तेच दार नुसतं दार होऊन बसतं.