पायरी समजते, पण स्वतःला सुचत नाही: अवघड गणितांसाठी मदत कशी घ्यावी?

प्रश्न (बारावी विज्ञान, जुळे सोलापूर)

मी यंदा बारावी विज्ञान शाखेत असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आहे. बोर्डाच्या पातळीची गणिते मला बऱ्यापैकी येतात. मात्र जेईईच्या तयारीसाठी अवघड उदाहरणे घेतली की पुष्कळदा पहिली पायरीच सुचत नाही. परवा लॉग (१ + टॅन क्ष) याचे ० ते पाय/४ या मर्यादांमध्ये इंटिग्रेशन करायचे होते. मी आधी टॅन क्षच्या जागी नवे चल घेऊन पाहिले, मग बाय पार्ट्स करून पाहिले, आणि दोन्ही वेळा गणित अधिकच गुंतत गेले. गाइडमध्ये क्षच्या जागी (पाय/४ − क्ष) लिहून चार ओळींत उत्तर काढले आहे. त्यातली प्रत्येक ओळ मला पटते, पण परीक्षेत ही गोष्ट मला आपणहून सुचेल असे वाटत नाही. क्लासमध्ये मुले इतकी आहेत की शंका विचारायला तास संपल्यावर रांग लागते, आणि नंबर लागलाच तर सर वहीत पूर्ण उत्तर लिहून देतात. अशा उदाहरणांसाठी मदत कोठे आणि कशी घ्यावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षिका, सात रस्ता)

तू काय काय करून पाहिलेस हे आधी लिहिलेस, ते फार चांगले केलेस, कारण तुझी गाडी नेमकी कोठे अडली हे त्यामुळेच कळते. आता ती पायरी कोठून येते ते पाहू. ० ते अ या अंतरावर कोणताही आलेख कागदावर काढ आणि तो क्ष = अ/२ या उभ्या रेषेभोवती उलटव. डावी बाजू उजवीकडे जाते, उजवी डावीकडे येते, पण आलेखाखालचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. क्षच्या जागी (अ − क्ष) लिहिण्यात याहून अधिक काही नाही. म्हणून मर्यादा दिलेल्या असतील आणि सरळ इंटिग्रेशन होत नसेल, तर आलेख उलटवल्यावर हाती येणारे फल (फंक्शन) मूळ फलाशी जुळते का, हे तपासण्याची सवय लावून घे.

तुझ्या उदाहरणात टॅन (पाय/४ − क्ष) म्हणजे (१ − टॅन क्ष)/(१ + टॅन क्ष). त्यात १ मिळवला की २/(१ + टॅन क्ष) होते, आणि त्याचा लॉग घेतला की लॉग २ मधून मूळचेच पद वजा झालेले दिसते. मूळ इंटिग्रलला स म्हटले, तर स = (पाय/४) लॉग २ − स, म्हणून स = (पाय/८) लॉग २. हे सारे जुळते ते टॅन पाय/४ ची किंमत १ आहे आणि कंसातही टॅन क्षचा सहगुणक १ आहे म्हणून. मर्यादा हाच प्रश्नात दिलेला इशारा होता, आणि तो हेरायला शिकणे हेच तुझे खरे काम आहे.

मदत मागताना शिक्षकांना स्पष्ट सांग की पूर्ण उत्तर नको, फक्त पुढचा एक इशारा हवा आहे. रांगेतली दोन मिनिटेही त्याला पुरतात. इशारा मिळाला की तेथे न थांबता घरी ये आणि कोऱ्या कागदावर उदाहरण पहिल्यापासून लिही. आता तुझ्यासाठी एक काम: वरची मर्यादा पाय/३ केली, तर टॅन क्षला कोणत्या संख्येने गुणले म्हणजे हाच मेळ पुन्हा बसेल?

उत्तर (अभियांत्रिकी, दुसरे वर्ष, होटगी रोड)

मॅडमचे म्हणणे मला मान्य आहे, पण परीक्षेच्या वेळेचाही विचार करावा लागतो. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. तेथे आलेख उलटवत बसायला सवड नसते आणि ओळखीची युक्ती चटकन आठवावीच लागते. त्यामुळे काही गोष्टी पाठ असण्यात मला गैर वाटत नाही. मी एक वेगळी वही ठेवली होती. तिच्यात उत्तरे लिहीत नसे; प्रश्नातला कोणता शब्द किंवा आकडा पाहून कोणती पायरी सुचायला हवी होती, एवढेच लिहीत असे. तुझ्या उदाहरणाची नोंद त्या वहीत एका ओळीत मावली असती.

आम्ही तिघे मित्र नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत रविवारी जमत असू. एकाने सोडवलेले उदाहरण दुसऱ्याने वही न पाहता समजावून सांगायचे, असा आमचा नियम होता, आणि आपले कच्चे दुवे त्या वेळी लगेच उघडे पडत. फोटो काढताच पूर्ण उत्तर देणारी अॅप्स आता सगळ्यांकडे असतात, पण तुझी जी तक्रार गाइडविषयी आहे तीच त्यांच्याविषयीही राहील. निवांत विचार करायला शिकायचे असेल, तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावरच्या गणित ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका घे. पहिल्या टप्प्यात ३० प्रश्नांना तीन तास असतात. त्यात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) नसते, त्यामुळे तुझ्या इंटिग्रेशनला त्यांचा थेट उपयोग नाही, पण एकाच प्रश्नाला अर्धा तास चिकटून राहण्याची सवय तेथेच लागते.

उत्तर (पालक, अशोक चौक)

माझी मुलगीही मराठी शाळेतून अकरावी विज्ञानाला गेली. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीत झाली आणि अकरावीला एकदम सगळे इंग्रजीत आले, त्यामुळे पहिले काही महिने तिला प्रश्न वाचण्यातच फार वेळ लागत असे. तिच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी तिला प्रत्येक उदाहरणाच्या वर काय दिले आहे आणि काय काढायचे आहे, हे स्वतःच्या मराठीत लिहायला लावले. या मुलाने मराठी माध्यमाचा उल्लेख केला आहे, म्हणून सुचवावेसे वाटले. आपले दहावीपर्यंतचे शिक्षक बारावीचे गणित शिकवत नसले, तरी त्यांच्याकडे जायला संकोच करू नये. मूल कोठे अडते हे त्यांना अनेकदा चटकन कळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, आपण दिलेले काम केले. टॅन पाय/३ म्हणजे वर्गमूळ ३, म्हणून कंसात १ + वर्गमूळ ३ × टॅन क्ष असे पद घेतले. आलेख उलटवल्यावर त्याचे ४/(१ + वर्गमूळ ३ × टॅन क्ष) झाले आणि उत्तर (पाय/३) लॉग २ आले. मग वाटले की वरची मर्यादा अ असेल आणि टॅन क्षला टॅन अ ने गुणले, तर प्रत्येक वेळी हेच घडायला हवे. तसे करून पाहिले. अंशात सेक वर्ग अ आले आणि उत्तर अ × लॉग (सेक अ) मिळाले. अ च्या जागी पाय/४ ठेवला की पहिले उत्तरही बरोबर येते.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षिका, सात रस्ता)

शाब्बास! सर्वसाधारण सूत्र काढ असे मी सांगितले नव्हते, ते तू आपणहून काढलेस. आता अ ची किंमत पाय/२ पेक्षा कमीच का असायला हवी, ते लिहून दाखव. उद्या संध्याकाळपर्यंत जमले नाही, तर एक इशारा देईन.