‘बॉनीक्लॅबर’ला मराठीत काय म्हणाल?

आयर्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या जेवणाबद्दल मराठीत लिहितेय. दोन शब्दांवर अडलेय. ‘बान-व्हिआ’ म्हणजे शब्दशः ‘पांढरं अन्न’ (दुधाचे पदार्थ), पण तसं लिहिलं की वाचणाऱ्याला भात वाटतो. दुसरा ‘बॉनीक्लॅबर’: आपोआप आंबून घट्ट झालेलं दूध. सध्या ‘नासलेलं दूध’ लिहून ठेवलंय.

— ताई, ‘नासलेलं’ आधी खोडा! नासलेल्या दुधाचा चोथा-पाणी वेगळं होतं, आणि शब्दातच ‘वाया गेलं’ आहे. हे तर लोक आवडीनं खायचे. कच्चं दूध उबेला ठेवलं की त्यातल्याच जंतूंनी ते एकसंध जमतं. मूळ आयरिश ‘बान्ये क्लाबर’. ‘बान्ये’ म्हणजे दूध. इंग्रजीनं त्याचं बॉनीक्लॅबर केलं, अमेरिकेत नुसतं ‘क्लॅबर’ उरलं.

— मग सरळ ‘दही’ का नको?

— दही म्हटलं की विरजण आलं. आपण दूध विरजतो, म्हणजे मुद्दाम काहीतरी घालतो. इथे कुणी काही घातलेलंच नाही. मी ‘आंबवणीचं दूध’ वगैरे नवे शब्दही पाडणार नाही. पहिल्यांदा ‘आपसूक जमलेलं दूध’ लिहा, पुढे बिनधास्त क्लॅबर. बान-व्हिआला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे: दूधदुभतं. दूध, लोणी, चीज सगळं त्यात येतं. बटाट्यावर पोट चालायला लागलं त्याआधी तिकडे उन्हाळाभर मुख्य आहार हाच होता. पांढरा रंग जातो खरा, पण भाताचा घोटाळा टळतो.

— ‘ब्लाहख’ला (इंग्रजीत बटरमिल्क) ताक चालेल ना? सोडा ब्रेडमध्ये घालतात ते.

— चालेल, लोणी काढून उरतं ते ताकच. फक्त त्यात आपल्यासारखं पाणी ओतलेलं नाही, हे एका ओळीत सांगा. त्यातल्या आंबटपणामुळे सोड्याचा वायू सुटतो आणि पाव फुगतो. तिकडच्या मऊ गव्हात ग्लुटेन कमी, त्याला यीस्टपेक्षा हेच मानवतं.

— आणि ‘बॅस्टिबल’? तीन आखूड पायांचं जाड बिडाचं भांडं, पाव भाजायचं. ‘कढई’ लिहू?

— कढईला सपाट बूड नि घट्ट झाकण कुठलं? बॅस्टिबलच ठेवा, आणि ‘झाकणावरही निखारे ठेवून’ एवढं जोडा. निखारे पीटचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाचे. ज्यांच्या आजीनं चुलीवर, वरखाली विस्तव ठेवून धोंडस केलंय, त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही.