विषय: शनिवारची सायकल सहल – व्हर्जिनियावाल्यांनी नदी ओलांडायची कुठून?

मेघना (अ‍ॅशबर्न):
मंडळी, शनिवार चार दिवसांवर आला. शिरीषकाकांच्या निरोपात "रायलीज लॉक, सकाळी ९" एवढंच आहे, म्हणजे पलीकडे मेरीलँडच्या काठावर, सी अँड ओ कालव्याच्या एका लॉकशी (बोटी वर-खाली करायचं दारांचं कुंड). आमच्या बाजूने १४ जण आहेत, त्यातली ६ मुलं. पोटोमॅक ओलांडायचा कुठून, ते कुणी सांगेल का? "व्हाइट्स फेरीने या" असं कृपया लिहू नका, ती बोट डिसेंबर २०२० पासून बंद आहे. बेल्टवेवरचा (वॉशिंग्टनभोवतीचा महामार्ग) अमेरिकन लीजन पूल सोडला तर पुढचा पूल थेट पॉइंट ऑफ रॉक्सला. म्हणजे नदी समोर दिसते आणि तिथे पोचायला तासभर गाडी हाकायची.

शिरीष:
मेघना, जागा सहल समितीने ठरवली आहे, मी एकट्याने नाही. रायलीज लॉकपासून ग्रेट फॉल्सपर्यंत साडेआठ मैल सलग टोपाथ, म्हणजे कालव्याकाठची वाट, एक गाडी आडवी येत नाही. गेल्या वेळी ग्रेट फॉल्सला पार्किंगच्या रांगेत सगळ्यांचा किती वेळ गेला ते आठवत असेलच, म्हणून यंदा वरून खाली जायचं. एवढंच जड जात असेल तर तुमच्या दारात डब्ल्यू अँड ओडी ही सायकलची ट्रेल आहेच की.

राहुल:
डब्ल्यू अँड ओडीचं सांगतो. ४५ मैल गुळगुळीत डांबर, मान्य. पण जरा वेग पकडला की रस्ता आडवा येतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे, दर चौकात उतरून तिचं हँडल धरायचं म्हणजे मी सायकल चालवायची कधी? गाड्या नकोत म्हणून तर हा सगळा घाट घातला ना?

सुनंदा:
एक सुचवू का? सगळ्यांनी पॉइंट ऑफ रॉक्सहून वर ब्रन्सविकपर्यंत जायचं, सात मैलसुद्धा नाही, आणि येताना मार्क या लोकल ट्रेनने परत. मुलांना ट्रेनची मजा.

राहुल:
सुनंदाताई, मार्कची ब्रन्सविक लाइन शनिवार-रविवार धावत नाही.

सुनंदा:
अरेच्चा. मग राहू दे.

वसंतकाका:
विषय निघालाच आहे तर लिहितो. या वाटेवर गाड्या नाहीत ते काही आपोआप झालेलं नाही. १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद पडला आणि पुढे त्याच्यावरून मोटाररस्ता काढायचं घाटत होतं. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानेही अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती डग्लस त्या संपादकांना म्हणाले, माझ्याबरोबर चालून बघा. १९५४ साली ते कालव्याच्या वरच्या टोकाहून, कंबरलँडहून, चालत निघाले. रस्ता बारगळला आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. चढ नाही म्हणून आपण खूश होतो, तीही खेचरांची कृपा. बोटी ओढायला खेचरं याच काठावरून चालायची, म्हणून वाट सपाट ठेवलेली. १८४.५ मैलांत चढ फक्त सहाशेपाच फुटांचा, आणि तोही ७४ लॉक्समध्ये वाटून दिलेला. पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर आणि नदी यांच्यात इतकी चिंचोळी जागा आहे, की कालवा कंपनी आणि रेल्वे कंपनी तिच्यावरून चार वर्षं कोर्टात भांडत होत्या. आपलं चार दिवसांत मिटेल अशी आशा आहे.

प्राची:
काका, टोपाथवर झाडाखाली पॉपॉची फळं पडलेली असतात ना? मागच्या सप्टेंबरला एक खाल्लं, अगदी सीताफळ!

वसंतकाका:
कूळ सीताफळाचंच. पण गर एकसंध, बिया मोठ्या आणि थोड्या. मी तर रामफळ म्हणेन.

प्राची:
रामफळाला एवढा वास कुठे असतो, काका? बरं, आता ऑक्टोबरात मिळणार नाहीत म्हणा.

अमित (जर्मनटाउन):
ऑक्टोबरात मिळतात ते काळे अक्रोड. हिरव्या टेनिस चेंडूएवढे, वाळक्या पानांखाली लपलेले. दोन वर्षांपूर्वी माझं पुढचं चाक एकावर चढलं आणि मी कालव्याच्या बाजूला आडवा. पडल्याचं काही नाही, पण टरफल हातात चुरडलं गेलं आणि बोटं आठवडाभर काळी. ऑफिसात सगळे विचारायचे, केस रंगवले का. तर पानांच्या ढिगातून मुलांना सायकल नेऊ देऊ नका. पाऊस झाला तर रोड बाइकचे बारीक टायर विसरा, त्या खडी-मातीच्या वाटेवर रुतून बसतात.

आता मूळ प्रश्न. रायलीज लॉक हट्टाने धरायचं कारण मला दिसत नाही. वर मोनोकसी अ‍ॅक्विडक्ट (नदीवरून कालवा नेणारा पूल) टोपाथच्या ४२.२ मैलावर (वॉशिंग्टनच्या टोकापासून), पॉइंट ऑफ रॉक्स ४८.२ वर. व्हर्जिनियावाल्यांनी पंधरा नंबर महामार्गाने पूल ओलांडायचा, रूळ पार करून नदीकाठी गाड्या लावायच्या. आम्ही डिकरसनवरून अ‍ॅक्विडक्टला येतो. मधे ४४.६ वर नोलँड्स फेरी (आता नुसतं जागेचं नाव, बोट नाही). त्यांना ३.६ मैल, आम्हाला २.४, जेवण तिथे. पुढे ज्यांना हौस असेल त्यांनी अ‍ॅक्विडक्टपर्यंत यावं. १८३३ साली पुरा झालेला सात कमानींचा दगडी पूल आहे, आणि त्याच्यावरून सायकल हातात धरूनच चाला, कडेला खाली नदी आहे.

शिरीष:
नकाशा समितीला पाठवलाय. पण एक लक्षात घ्या, बटाटेवडे रॉकव्हिलहून येणार आहेत आणि ते दोन ठिकाणी वाटून ठेवता येणार नाहीत.

अमित:
शिरीषकाका, म्हणूनच मधे भेटायचं म्हणतोय.

मेघना:
चालेल, पण पंधरा नंबरवर लीसबर्गच्या पुढे एकच लेन आहे आणि ऑक्टोबरच्या शनिवारी सगळे भोपळे घ्यायला निघालेले असतात. ९ नको, ८ ला पॉइंट ऑफ रॉक्स धरते.

शिरीष:
समितीची हरकत नाही. नोलँड्स फेरी, साडेअकरा. १६ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट हवंच, मेरीलँडचा कायदा आहे. घंटी सगळ्यांना. आणि तिथे कचऱ्याचे डबे नसतात, आपापला कचरा परत न्यायचा. गेल्या वेळच्या कागदी प्लेट्स शेवटी माझ्याच गाडीच्या डिकीत आल्या होत्या.

राहुल:
८ वाजता म्हणजे आम्ही घरून सातला निघायचं? मुलगी उठणार नाही.

सुनंदा:
वडे किती जणांचे धरू?

मेघना:
ताई, आमचे १४. चटणी मी आणते, सुकी. आणि प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हला चालेल असा पंप कुणाकडे आहे का?

प्राची:
पंप आहे. आणि वास सीताफळाचाच.