जुनी गेम परत खेळणं हा काय रोग नाही

विश्रामबागकर
परवा इथं एकानं लिहिलं होतं की चाळिशीतली माणसं कॉन्ट्रा अन् व्हाइस सिटी उकरून काढत बसतात म्हणून कंपन्या नवीन काही करत नाहीत, आणि त्या गेममध्ये तसं काही नव्हतंच, तुम्ही लहान होता एवढंच. दोन दिवस डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

गेल्या दिवाळीत नऊ वर्षांच्या पोरीला कॉन्ट्रा लावून दिली. तिनं कधी कॅसेट फुंकलेली नाही, कॅसेट म्हणजे काय तेच तिला माहीत नाही, मग कसल्या आठवणी? तिसरी स्टेज, धबधब्याची. दोघं खेळताना पुढचा भराभर वर चढला की स्क्रीन वर सरकते आणि मागं राहिलेला मरतो. दोनदा तिनं मला असंच मारलं. तिसऱ्यांदा कड्यावर थांबली आणि म्हणाली, "बाबा, या तुम्ही, मी थांबलीय." कुठं बाण दाखवला नव्हता, चौकोनात सूचना आली नव्हती. १९८८ च्या गेमनं तिला थांबायला शिकवलं. आम्हा भावाभावांची ह्याच जागेवर मारामारी व्हायची.

मालिका पुढं न्या, कोण नको म्हणतंय. पण मूळ गेम आहे तशी विकत मिळू द्या. २०२१ ला व्हाइस सिटी धरून जीटीए मालिकेतल्या तीन जुन्या गेमचा नवा संच काढला आणि पीसीवरनं मूळ गेम विक्रीतनं उचलल्या. नव्यात पाऊस असा की समोरचा रस्ता दिसेना. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागून जुन्या परत ठेवल्या. त्याउलट एज ऑफ एम्पायर्स २ बघा. १९९९ ची गेम, २०१९ ला नीट डागडुजी केली, २०२२ ला आपल्याकडची राज्यं वाढवली, चौथा भाग येऊन सुद्धा लोक दुसराच खेळतात. मालिका अशी जगवतात.

कुपवाडचा_टेस्टर
दादा, पोरीची गोष्ट चांगली आहे, पण एका पोरीवरनं सगळ्या जगाचं ठरवालाय तुम्ही. १९९८ ची रेसिडेंट एव्हिल २ मी मुद्दाम लावून बघितली, माणूस रणगाड्यासारखा वळतो, दहा मिनिटांत बंद केली. २०१९ चा रिमेक आला नसता तर माझ्यासाठी ती मालिका संपलेली होती. आणि खरं बोलू का? तुमच्या पिढीनं पैसे दिले कधी? पन्नास रुपयाला कॉपी केलेली सीडी, ती पण चार मित्रांत एक. मग कंपनीनं तुमच्यासाठी जुनं कशाला जपून ठेवायचं?

हरभट_रोड
पन्नास रुपये काढतोस होय रे? २००३ ला आपल्याकडं ओरिजिनल मिळत होती कुठं ते आधी सांग. मी क्रिकेट ०७ ओरिजिनल घेतली होती, पुण्यातनं, पाच महिने पैसे साठवून, आणि त्याच्यावर माझं अख्खं कॉलेज गेलं. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात घरात छातीएवढं पाणी. गाद्या, कागदपत्रं, आईची शिलाई मशीन माळ्यावर चढवली, सीडीचं पाकीट तेवढं टेबलाच्या खणात राहिलं. पाणी उतरल्यावर चिखलातनं काढलं, पुसायला गेलो तर चांदीचा थर सोलून बोटाला आला. आता ती गेम कुठं विकत मिळत नाही, दुकानात नाही, ऑनलाइन नाही. ती काढणाऱ्या ईए कंपनीनं त्यानंतर क्रिकेट काढलंच नाही. पोरं घरात बसून नवे संघ, नवे टीशर्ट तिच्यात भरतात म्हणून ती जिवंत आहे. मी नेटवरनं फुकट उतरवून घेतली तर मी चोर?

मिरज_जंक्शन
मुस्तफाच्या गेमचं पण तेच की ओ. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीची, १९९३. पिवळ्या टोपीतला मुस्तफा, एक रुपयाचं नाणं, मागं रांग. कॉमिकवर बेतलेली, हक्क दुसऱ्याचे, त्यामुळं ती व्हिडिओ पार्लरमधली गेम घरच्या कन्सोलवर कधी आलीच नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ ला मोजदाद केली, तिथं २०१० च्या आधी निघालेल्या ८७ टक्के गेम आज बाजारात नाहीत. मग चोर कोण ते ठरवा.

कुपवाडचा_टेस्टर
पैसे द्यायला तयार आहे हे आत्ता सांगालाय! तेव्हा खप झाला असता तर क्रिकेट बंद केलं असतं का कुणी?

आणि आता माझं ऐका. मी पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये तीन वर्षं काढलीत. प्रिन्स ऑफ पर्शिया मालिकेतल्या सँड्स ऑफ टाइमचा रिमेक २०२० ला जाहीर झाला, युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओत होणार म्हणून. मी दुसऱ्या कंपनीत होतो तरी त्या रात्री आम्ही पेढे वाटले. पहिला व्हिडिओ आला आणि चेहऱ्यांवरनं जगभर शिव्या सुरू, त्यात आपल्या मराठी पोरांच्या किती होत्या ते मी वाचलंय. २०२२ ला काम माँट्रियलला गेलं. तुम्ही आठवणी डोक्यावर घेऊन नाचता, तिकडं आपल्याच पोरांच्या हातातलं काम जातं. ह्याचं बोला.

माधवनगरची_वहिनी
पार्लर, रांग, नाणं... आम्हा पोरींना आत कोण येऊ देत होतं? भाऊ आत, मी त्याची सायकल धरून बाहेर. मारिओ पहिल्यांदा हातात आला लग्नानंतर, दिराच्या जुन्या कन्सोलवर, चौतिसाव्या वर्षी. म्हणजे लहानपणाची आठवण वगैरे काही नाही. तरी पळता पळता थांबताना तो जो जरासा घसरतो ना, ते अंगात भिनल्यावर मी महिनाभर भाकरी थापताना पण उड्या मोजत होते. मारिओचीच २०२३ ची वंडर पण घेतली, ती मला जास्त आवडली. दोन्ही घरात आहेत, भांडण कशाचं तेच मला कळेना.

विश्रामबागकर
वहिनी, सायकलीचं वाचून वाईट वाटलं. माझी बहीण पण बाहेरच असायची, आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

टेस्टर, त्या व्हिडिओखाली मी पण लिहिलं होतं. 'मातीचे पुतळे' म्हणालो होतो. कोण बनवतंय ते बघितलं नाही, ते चुकलं माझं. पण तुझंच उदाहरण घे, २००३ ची मूळ सँड्स ऑफ टाइम आजही विकत मिळते, रिमेक २०२६ ला रद्द झाला तरी खेळणाऱ्याचं काही बुडालं नाही. मी सुरुवातीपासनं तेच सांगतोय.

कुपवाडचा_टेस्टर
'मातीचे पुतळे' तुम्ही होय. ठीक आहे. मूळ गेम विक्रीत ठेवावी एवढं मान्य, त्यात आमचं पण भलं आहे, लोक नव्याला जरा कमी शिव्या देतील. पण जी आज दोनशे रुपयाला मिळते ती पण फुकट उतरवणारे दहा जण माझ्याच गल्लीत आहेत, त्यांना मी चोरच म्हणणार.

हरभट_रोड
म्हण की, कोण अडवतंय. पण क्रिकेट ०७ चं अजून बोलला नाहीस. पैसे खिशात घेऊन बसलोय, कुणाला द्यायचे तेवढं सांग.